चार वर्षांचा डॉक्टर अर्धवट नसतो

डॉक्टर किती वर्षांत तयार व्हावा, या प्रश्नावरून ब्रिटनमध्ये २०२३ पासून वाद चालू आहे. त्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, मनुष्यबळाची दीर्घकालीन योजना जाहीर केली. वैद्यकीय प्रवेशाच्या जागा वर्षाला ७,५०० वरून २०३१-३२ पर्यंत १५,००० करायच्या, अभ्यासक्रमांचा कालावधी आखडता घेता येतो का ते पाहायचं, नोकरी करता करता वैद्यकीय पदवी घेण्याची सोय करायची, असं बरंच काही तीत होतं. पाठोपाठ फिजिशियन असोसिएट या वर्गावरून गदारोळ उठला. ही मंडळी पदवीनंतर दोन वर्षं शिकून रुग्णालयात काम करतात, आणि रुग्णांना ते डॉक्टरच वाटतात अशी तक्रार होती. या वर्गाचा आढावा घेणाऱ्या जुलै २०२५ मधल्या लेंग अहवालाने त्यांना फिजिशियन असिस्टंट म्हणावं अशी शिफारस केली. या धुरळ्यात एक चांगला चाललेला मार्ग नाहक भरडला जातो आहे. आधी कुठलीतरी पदवी घेतलेल्यांसाठीचा चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम, म्हणजे ग्रॅज्युएट एंट्री मेडिसिन, हा तो मार्ग. 'चार वर्षांत डॉक्टर? मग शॉर्टकटच की!' हे वाक्य लंडनमधल्या मराठी घरांत ऐकू येतं तसं पुण्यातही येतं. मला ते सपशेल चुकीचं वाटतं. हा पूर्ण वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग आहे आणि तो रुंद करायला हवा. त्यात अन्याय जरूर आहे, पण तो वर्षांच्या संख्येत नाही. प्रवेशाच्या वेळापत्रकात आणि फीच्या नियमांत तो दडलेला आहे, आणि त्याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही.

आधी ही वाट नेमकी कशी आहे ते पाहू. ब्रिटनमध्ये बारावीच्या पातळीवरून वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्याचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पीरियल अशा ठिकाणी तो सहा वर्षांचा होतो, कारण मध्ये एक विज्ञानाची पदवी गुंफलेली असते. पदवीधरांसाठीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम २००० साली लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये आणि लेस्टर-वॉरिकमध्ये सुरू झाला. पुढे नॉटिंगहॅमने डर्बीला, मग स्वान्सीने तो आणला, आणि २०१८ मध्ये सेंट अँड्र्यूज आणि डंडी यांनी मिळून स्कॉटजेम हा असाच अभ्यासक्रम सुरू केला. यात शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र हे पायाभूत विषय पहिल्या वर्ष-दीड वर्षात दाटीवाटीने शिकवले जातात. त्यानंतर वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा, दवाखाना हे सगळं इतरांसारखंच. पदवी तीच, डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीतलं पानही तेच. पदवीनंतरची फाउंडेशनची, म्हणजे रुग्णालयातल्या प्राथमिक प्रशिक्षणाची, दोन वर्षं तीच, आणि त्यातलं पहिलं वर्ष पार पडल्याशिवाय पूर्ण नोंदणी कुणालाच मिळत नाही.

आता अमेरिकेकडे पाहा. तिथे एमडी (ही तिथली मूळ वैद्यकीय पदवी) होणारा विद्यार्थी आधी चार वर्षांची पदवी घेतो आणि मग चार वर्षं वैद्यक शिकतो. १८९३ साली जॉन्स हॉपकिन्सची वैद्यकीय शाळा उघडली तेव्हा आधीची पदवी ही प्रवेशाची अट घातली गेली, आणि त्या काळात ती अतिशय कडक अट मानली गेली. कारण इतर अनेक अमेरिकन वैद्यकीय शाळांत तेव्हा शालेय शिक्षण धड नसलेल्यांनाही फी भरून प्रवेश मिळत असे. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने अशा शाळांची लक्तरं वेशीवर टांगली आणि हॉपकिन्सचा आदर्श पुढे ठेवला. म्हणजे पदवी आणि वर चार वर्षं ही रचना अमेरिकेत दर्जा उंचावण्यासाठी आली. अमेरिकन एमडीला आपल्यापैकी कुणी अर्धवट म्हणतो का? मग तीच रचना अटलांटिकच्या अलीकडे आली की तिला शॉर्टकट का म्हणायचं? पाच वर्षांच्या मापाशी तिची तुलना होते, आणि त्या तुलनेत विद्यार्थ्याने आधी विद्यापीठात घालवलेली तीन वर्षं सोयीस्करपणे वगळली जातात. गंमत अशी की सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातली विज्ञान-पदवी मात्र त्याच्या बाजूने मोजली जाते.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा वेळेचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पायाभूत विषयांना खरोखर कमी वेळ मिळतो. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे खांद्याजवळचं मज्जातंतूंचं जाळं, दोन आठवड्यांत उरकला आणि पुढे वर्षभर त्याकडे पाहिलंच नाही, तर ऑर्थोपेडिक्सच्या वॉर्डात ते उघडं पडतं. ज्याने आधी जीवशास्त्राशी संबंधित काही शिकलेलं नाही, त्याला पहिले सहा महिने फार जड जातात, हेही खरं. पण कॅलेंडरचं वर्ष म्हणजे शिकण्याचं वर्ष नव्हे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातली सुरुवातीची वर्षं विद्यापीठाच्या सत्रांनुसार चालतात. ख्रिसमस, ईस्टर आणि लांबलचक उन्हाळी सुट्टी धरली तर वर्षाचा मोठा भाग रिकामा जातो. पदवीधरांच्या वर्षात ही सुट्टी बरीच छाटलेली असते. युरोपीय महासंघाच्या नियमांनीही मूळ वैद्यकीय शिक्षणाचं माप वर्षांबरोबर तासांतही ठरवलं होतं, किमान ५,५०० तास, आणि ब्रिटन महासंघात असताना हे अभ्यासक्रम त्याच चौकटीत उभे राहिले. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तर १९६९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रम तीन वर्षांचाच आहे, उन्हाळी सुट्टी जवळपास नसलेला. समस्येवर आधारित शिक्षणाची जी पद्धत आज जगभर वापरली जाते ती तिथूनच पसरली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळांनी सुट्ट्या काढून टाकून चार वर्षांचं शिक्षण तीन वर्षांत दिलं होतं. त्या पिढीने पुढे कित्येक दशकं अमेरिकेची रुग्णालयं चालवली.

शिवाय आता बाहेर पडताना सगळ्यांना एकाच चाळणीतून जावं लागतं. २०२४-२५ पासून ब्रिटनमधल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला मेडिकल लायसन्सिंग असेसमेंट पार करावी लागते. तिच्यात दोनशे प्रश्नांची ज्ञानाची परीक्षा आहे आणि रुग्णतपासणीची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. चार वर्षं शिकलेला आणि सहा वर्षं शिकलेला, दोघांसाठी कसोटी तीच. ज्याला चार वर्षांच्या डॉक्टरबद्दल शंका आहे त्याने या परीक्षेचा दर्जा कसा आहे, ती पुरेशी कठीण आहे का, हे तपासावं. ती चर्चा उपयोगाची ठरेल. नुसती वर्षं मोजून काय हाती लागतं?

याला जोडून दुसरी शंका येते: इतिहास किंवा इंग्रजी शिकलेला माणूस डॉक्टर कसा होणार? वॉरिक आणि स्वान्सी कुठल्याही शाखेचा पदवीधर घेतात, हे ऐकून आपल्याकडच्या पालकांचा विश्वासच बसत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय शाळेने १९८७ पासून मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवेश ठेवला, त्यांना सेंद्रिय रसायन आणि एमकॅट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा या दोन्हींतून सूट दिली, आणि २०१० मध्ये त्याचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. परवान्याच्या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेत या मुलांचे गुण थोडे कमी होते, हे त्यांनी लपवलं नाही. पण वॉर्डातल्या कामगिरीत ती मुलं मागे पडली नाहीत. म्हणजे पायाभूत विज्ञानाची तूट खरी आहे, मर्यादित आहे, आणि भरून निघते.

तिसरा आक्षेप वयाचा. तिशीत डॉक्टर झालेला माणूस समाजाला कमी वर्षं सेवा देतो, मग त्याच्यावर जागा का खर्चायची? हिशोब मांडून पाहा. शाळेतून थेट आलेला साधारण तेविसाव्या वर्षी डॉक्टर होतो. पदवीनंतर लगेच आलेला पंचविशीत, आणि काही वर्षं नोकरी करून आलेला तिशीच्या आसपास. सदुसष्टाव्या वर्षापर्यंत काम धरलं तर चाळीसेक वर्षांच्या कारकिर्दीत फरक दोन ते सात वर्षांचा. त्याच्या बदल्यात जो माणूस मिळतो त्याने हा निर्णय सतराव्या वर्षी आईवडिलांच्या आग्रहाखातर घेतलेला नसतो. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. लहानपणी लावलेल्या लग्नाविरुद्धचा खटला त्यांच्या मागे होता आणि पुढे लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढची तीन दशकांहून अधिक वर्षं सुरत आणि राजकोटच्या बायकांवर उपचार करत राहिल्या. त्यांचं वय पाहून कुणी दार लावून घेतलं असतं तर नुकसान कुणाचं झालं असतं?

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात इथे एक वेगळी भीती जागी होते, आणि ती मी समजू शकतो. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम, २०१४ ची कायद्यातली दुरुस्ती, २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून पेटलेला वाद आणि डॉक्टरांचा संप हे सगळं ताजं आहे. त्यामुळे 'आधीच्या पदवीवर छोटा अभ्यासक्रम' असं कानावर पडलं की आपण सावध होतो. पण दोन्हींची जात वेगळी आहे. एका ठिकाणी वेगळ्या पॅथीचं शिक्षण घेतलेल्याला एका वर्षाच्या औषधशास्त्रावर आधुनिक औषधं लिहू द्यायची की नाही, हा प्रश्न आहे. दुसऱ्या ठिकाणी वैद्यकाचा एकही विषय माफ होत नाही, आधीच्या पदवीच्या बळावर कुणाला वॉर्डातली एकही पाळी चुकवता येत नाही. भारताच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी छोटा अभ्यासक्रम केलेल्या, डॉक्टरांचा वेगळा वर्ग बंद करून देशात एकाच प्रकारचा मूलभूत डॉक्टर असावा असं सांगितलं. दोन दर्जाचे डॉक्टर केले की कमी दर्जाचा डॉक्टर गरिबाच्या वाट्याला येतो, ही तिच्यामागची रास्त चिंता. ग्रॅज्युएट एंट्रीमुळे असा दुसरा दर्जा तयार होत नाही. वॉर्डात उभ्या असलेल्या दोन नव्या डॉक्टरांपैकी कोण कुठल्या वाटेने आला, हे रुग्णाला कळायचा मार्ग नाही आणि कळायची गरजही नाही.

आता ज्या आक्षेपाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही त्याकडे येतो. ही वाट समाजाच्या सगळ्या थरांसाठी उघडायची होती. प्रत्यक्षात ती कोण चालतं? मुख्यतः ज्यांना तिचे बारकावे आधीपासून माहीत असतात ते. हा आरोप बव्हंशी खरा आहे, आणि अर्जाची प्रक्रिया बारकाईने पाहिली की त्याचं कारण दिसतं. यूकॅस या विद्यापीठ-प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेतून वैद्यकाचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे इतर विषयांच्या तीन महिने आधी भरावा लागतो, आणि त्यात वैद्यकाच्या जास्तीत जास्त चार जागा निवडता येतात. बहुतेक ठिकाणी पदवीला किमान अप्पर सेकंड, म्हणजे टू-वन (पहिल्या वर्गाच्या लगेच खालची श्रेणी) लागतो. मग येते प्रवेशपरीक्षा, आणि इथेच पहिला खड्डा आहे. काही विद्यापीठं यूकॅट मागतात, काही गॅमसॅट. यूकॅट उन्हाळ्यात संगणकावर देता येते, वर्षातून एकदाच, निकाल त्याच दिवशी हातात. २०२५ पासून तिच्यातला आकृत्यांचा विभाग काढला, त्यामुळे एकूण गुण ३,६०० ऐवजी २,७०० पैकी मोजतात. जुन्या तक्त्यांवरून स्वतःचा अंदाज बांधणारे फसतात ते इथे. गॅमसॅट वेगळ्याच जातीची आहे. मानव्य आणि सामाजिक उताऱ्यांवरचं आकलन, दोन निबंध, आणि जीवशास्त्र, रसायन व भौतिकशास्त्रावरचा ७५ प्रश्नांचा विभाग, ज्याला सरासरीत सहसा दुप्पट वजन मिळतं. ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये होते. सप्टेंबरच्या परीक्षेचा निकाल नोव्हेंबरमध्ये येतो, म्हणजे १५ ऑक्टोबरला अर्ज गेल्यानंतर! सप्टेंबरला बसणारा उमेदवार आपले गुण न कळताच चारपैकी काही जागा पणाला लावतो. मार्चला बसलेल्याला निकाल उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतो, मग तो गुण पाहून यूकॅटचं पाहायचं की गॅमसॅटवर भर द्यायचा हे ठरवतो. हे बरंच आधी कुणी सांगितलं असेल तरच मार्चची नोंदणी होते. कारखान्यात पाळी करणाऱ्या पदवीधराला हे कोण सांगणार?

गुण कमी पडलेल्यांपेक्षा चुकीच्या ठिकाणी अर्ज केलेले जास्त वाया जातात, असं माझं मत आहे. नावाजलेलं विद्यापीठ पाहून चार जागा भरल्या जातात. त्यातल्या दोन ठिकाणी यूकॅटची अनधिकृत किमान पातळी आपल्या गुणांच्या वर असते, तिसरीकडे आधीची पदवी जैवविज्ञानातली लागते, आणि चौथीकडे सेवेचा अनुभव अपुरा पडतो. अनुभवाचं उदाहरण घ्या. वॉरिकला आरोग्यसेवेतला किमान ७० तासांचा अनुभव लागतो, तोही एकापेक्षा जास्त ठिकाणचा आणि अलीकडचा. डॉक्टर काकांच्या मागे चार दिवस उभं राहिल्याने तो पुरा होत नाही. रुग्णाला आंघोळ घालणं, जेवू घालणं, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणं असं हाताने केलेलं काम त्यांना हवं असतं. हेल्थकेअर असिस्टंट म्हणून काम केलेल्याचं पारडं इथे जड होतं, आणि ही या प्रक्रियेतली न्यायाची बाजू. पदवी घेऊन सहा वर्षं झालेल्याला शैक्षणिक शिफारसपत्र कोण देणार, हाही प्रश्न उभा राहतो. जुन्या प्राध्यापकाला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्र लिहिलं की उशीर झालेलाच असतो. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसचं निवेदन तीन ठरावीक प्रश्नांत, एकूण ४,००० अक्षरांत लिहायचं आहे. हा बदल मला चांगला वाटतो, कारण जुन्या मोकळ्या निबंधात महागड्या सल्लागाराचा हात लगेच दिसायचा.

वेळापत्रकाहून मोठा अडसर पैशाचा. एकदा पदवी घेतलेल्याला इंग्लंडमध्ये दुसऱ्या पदवीसाठी सहसा फीचं कर्ज मिळत नाही. ग्रॅज्युएट एंट्रीला अपवाद केलेला आहे. पहिल्या वर्षी ३,४६५ पौंड स्वतःच्या खिशातून भरायचे, उरलेल्या फीचं कर्ज मिळतं, आणि दुसऱ्या वर्षापासून फीचा काही भाग एनएचएस बर्सरीतून, म्हणजे आरोग्यसेवेच्या शिष्यवृत्तीतून, जातो. बर्सरी सुरू झाली की राहण्या-जेवणाच्या कर्जाची मर्यादा मात्र खाली येते, म्हणजे वॉर्डातल्या पाळ्यांमुळे अर्धवेळ नोकरी अशक्य होते नेमक्या त्याच वर्षांत हातातले पैसे आटतात. आणि चार वर्षांची जागा न मिळाल्यामुळे पदवीधर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात गेला, तर पहिल्या चार वर्षांची सगळी फी त्याने स्वतः भरायची. २०२५-२६ च्या ९,५३५ पौंडांच्या दराने ते ३८,१४० पौंड होतात. श्रीमंत घरातल्या पदवीधरासाठी म्हणून दोन दारं उघडी राहतात, गरिबासाठी एकच, आणि तिथे गर्दी सगळ्यात जास्त. वर्षांवरून भांडणाऱ्यांना हे ३,४६५ पौंड का दिसत नाहीत? ही रक्कम कर्जात घालायला सरकारला मोठा खर्च येणार नाही, कारण ती परत येणार आहे. गॅमसॅटच्या अडीचशे पौंडांच्या वर जाणाऱ्या शुल्कात कमी उत्पन्नवाल्यांना यूकॅटसारखी सूट हवी. स्कॉटजेममध्ये वर्षाला ४,००० पौंड घ्या आणि तेवढी वर्षं स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेत काम करा, अशी ऐच्छिक योजना आहे. खेड्यापाड्यांत डॉक्टर टिकवायचा तो एक सरळ मार्ग आहे, आणि इंग्लंडने तो उचलायला हरकत नसावी.

पुढच्या टप्प्यावर खोळंबा आहे, हे मान्य. २०२५ मध्ये स्पेशालिटी प्रशिक्षणाच्या सुमारे दहा हजार जागांसाठी तीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी अर्ज केले. मग आणखी डॉक्टर कशाला, असं विचारतात. पण हा अडथळा पाच वर्षांवाल्यांनाही तेवढाच आहे. प्रशिक्षणाच्या जागा वाढवायला लागतील. एक दार अरुंद करून दुसरीकडची गर्दी हटत नाही.

मराठी कुटुंबांसाठी यात एक सावधगिरीची गोष्ट आहे, ती स्पष्ट सांगायला हवी. भारतातून अर्ज करणाऱ्याला यातले अनेक अभ्यासक्रम घेतच नाहीत, आणि घेतात तिथे जागा मोजक्या व फी परदेशी दराने. शिवाय परत येऊन भारतात व्यवसाय करायचा असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२१ ची नियमावली आड येते. मूळ अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि परदेशी निघण्याआधी नीट पात्रता हवी. नीटसाठी जीवशास्त्र लागतं. २०२३ पासून ते बारावीनंतर जादा विषय म्हणून घेता येतं, ही त्यातल्या त्यात सोय. चार वर्षांचे ४८ महिने होतात. तेव्हा सांगलीच्या किंवा मडगावच्या बी.एस्सी. झालेल्या मुलीने पैसे भरण्याआधी आयोगाकडून लेखी उत्तर घ्यावं. आणि आयोगानेही या अटीचा फेरविचार करावा. महिने मोजण्याऐवजी त्याने रुग्णांजवळ घालवलेले तास आणि बाहेर पडतानाची परीक्षा मोजावी. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरची परीक्षा तर आपण तशीही घेतोच.